नळीचं गार टोक

काच फुंकणाऱ्या त्या घरात मूल पाच वर्षांचं झालं, की त्याचा गोळा करायची पद्धत होती. घरातला सगळ्यात जाणता माणूस भट्टीतली पातळ काच नळीच्या टोकावर उचलायचा, पहिली फुंकर स्वतः घालायचा, आणि काचेत लिंबाएवढा फुगा उठला की तीच नळी तशीच मुलाच्या ओठांशी धरायचा. मूल डोळे मोठे करून, गाल फुगवून फुंकायचं. फुगा संत्र्याएवढा झाला की सगळ्यांनी "पुरे!" म्हणून ओरडायचं. मग गोळा नळीवरून सोडवायचा आणि उरलेल्या भोकावर काचेचा गरम थेंब टाकायचा, की झालं बंद. पुढे ते मूल म्हातारं होवो, परगावी जावो, नाहीतर जगातूनच जावो. त्याचा पाचव्या वर्षाचा श्वास खिडकीतल्या फळीवर तसाच्या तसा बसलेला असायचा.

कारखान्यामागच्या घरात, पूर्वेकडच्या खिडकीत, अशा गोळ्यांची एक रांग होती. सकाळचं ऊन त्यांच्यातून आत आलं की समोरच्या भिंतीवर रंगांचे डाग उमटायचे आणि हळूहळू खाली सरकायचे. भाची चहाचा कप हातात धरून ते बघत बसायची, चहा गार होईपर्यंत. त्या रांगेतला फिकट हिरवा, एका अंगाला जरासा कललेला गोळा तिच्या आईचा. आई गेली तेव्हा भाची एवढीशी होती. खोकून खोकून गेली, एवढंच तिला माहीत. चेहरा धूसर आठवायचा, आवाज मुळीच नाही. हा गोळा तेवढा होता. तो पुसायचा तो तिनेच. तिच्या नवऱ्याने एकदा कौतुकाने उचलून बघितला होता, त्यावरून त्याला जे ऐकावं लागलं ते आठवून तो बिचारा अजून त्या खिडकीपासून हातभर लांबून जायचा.

तिला सगळी गल्ली भाचीच म्हणायची, कारण ती मामाची भाची आणि मामा म्हणजे त्या गल्लीतला सगळ्यात मोठा कारागीर. आईमागे तिला त्यानेच वाढवलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "एक भट्टी सांभाळताना नाकी नऊ येतात, दुसरी कुठे पेटवू?" स्वभावाने तापट, नाकावर माशी बसू द्यायचा नाही, पण नळी ओठांना लागली की असा शांत व्हायचा की बघणाऱ्यालाच पेंग यावी. दिव्याची मोठी हंडी एका दमात फुगवणारा माणूस म्हणून त्याची ख्याती होती.

या वर्षी हंड्या लहान व्हायला लागल्या.

"हल्ली लोकांना लहानच आवडतात," मामा म्हणाला. भाचीने मान हलवली. पण एकदा हंडी फुगवताना मामाने मध्येच नळी खाली घेतली, तोंड फिरवून खूप वेळ खोकला, आणि पुन्हा फुंकायला गेला तोवर काच थिजली होती. असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. भाचीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. ज्याच्या जिवावर आपण उभे असतो त्याच्याकडे निरखून बघायची हिंमत होत नाही, त्यातलाच प्रकार.

आणि पुढच्याच महिन्यात तिच्या मुलीला पाचवं वर्ष पुरं होणार होतं.

मुलीला घरात आजीबाई म्हणायचे. वागणंच तसं होतं. सकाळी उठल्या उठल्या सगळ्यांना कामं वाटून द्यायची आणि कमरेवर हात ठेवून ती होतात की नाही ते बघायचं. गोळ्याचं तिने फारच मनावर घेतलं होतं. रोज दुपारी ती आणि मामा समोरासमोर, नाकाला नाक लागेल इतके जवळ बसायचे.

"गालातून नाही गं, पोटातून. हं, घाल फुंकर."

"घातली."

"ही फुंकर? याने मेणबत्तीसुद्धा विझायची नाही." मग मामा हसायचा, हसता हसता खोकायचा, आणि आजीबाई त्याची पाठ थोपटायची.

त्याच सुमाराला आरोग्य केंद्राच्या नर्सबाई बुधवारी दुपारी कारखान्यात यायला लागल्या. गोल चेहऱ्याच्या, मोठ्याने हसणाऱ्या बाई. जेवणं झालेली, भट्टीची धग, त्यात कुणी आरोग्यावर बोलणार म्हटल्यावर निम्मे लोक आधीच भिंतीला पाठ टेकून बसले होते. नर्सबाईंना त्याची सवय असावी. त्यांनी भाषण केलंच नाही. भाचीच्या तळहाताला निळ्या खडूची पूड फासली आणि म्हणाल्या, "आता तासभर नेहमीसारखं वागा." तासाभराने निळा रंग पाण्याच्या भांड्यावर होता, दाराच्या कडीवर होता, पेट्या भरणाऱ्या काकांच्या टकलावर होता, आणि कसा कोण जाणे, आजीबाईच्या जिभेवरही होता.

"जंतूंना पाय नसतात," नर्सबाई म्हणाल्या, "आपणच त्यांना फिरवून आणतो."

त्या दिवसापासून आजीबाई मोरीच्या दाराशी उभी राहायला लागली. साबण लावल्याशिवाय घास मिळेना. काकांची तर बोटांच्या बेचक्यांसकट झडती व्हायची.

पुढच्या बुधवारी श्वासाची पाळी आली. काचेच्या कारखान्यात खिडक्या उघडत नाहीत. तापल्या काचेला वाऱ्याची झुळूक लागली की ती तडकते, म्हणून आजोबांच्या वेळेपासून त्या बंदच होत्या. छपरातल्या एका तावदानातून उन्हाची तिरीप तेवढी आत यायची. नर्सबाईंनी त्या तिरिपेत खडूने भरलेले दोन डस्टर एकमेकांवर आपटले. पांढरी पूड उन्हात तरंगायला लागली. वर गेली, थांबली, अगदी सावकाश वळली. सगळे मान वर करून बघत राहिले. ती पूड खाली बसेल बसेल म्हणता बसतच नव्हती, आणि भाचीला वाटलं, आपण सगळे एका मोठ्या काचेच्या फुग्यात बसलो आहोत आणि बाहेरून कुणीतरी हळूच तो फिरवतं आहे.

"कुणी खोकलं, की ते असंच हवेत राहतं," नर्सबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, जणू त्यांनाही ती गुंगी मोडायची नव्हती. "हे दिसतंय. ते दिसत नाही, एवढाच फरक. खिडकी उघडी असली तर निघून जातं. बंद असली तर दुसरं कुणीतरी आत घेतं. खोकताना तोंड कोपरात धरायचं. आणि खोकला दोन आठवड्यांहून लांबला, वजन उतरायला लागलं, संध्याकाळी कणकण वाटली, तर तपासून घ्यायचं. लाजायचं काय त्यात?"

"बाई," मामा मागून म्हणाला, "आमच्यात असलं काही टिकत नाही. आमची नळी दिवसभर भट्टीत असते. लोखंड लाल होतं तिथं. एकाच नळीवर चार जणं फुंकतात, आजवर कुणाला काही झालं नाही. जंतू यायचा म्हटलं तरी त्याची राखसुद्धा सापडायची नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हे त्या घरातलं शंभर नंबरी सत्य होतं. आगीजवळ राहणाऱ्याला रोग होत नाही, हे भाचीनेही दुधाच्या दातांपासून ऐकलेलं.

"बरोबर," नर्सबाई म्हणाल्या. "मग तोंडात धरता ते टोकही लाल होत असेल."

"छे!" आजीबाई नर्सबाईंच्या अडाणीपणावर हसली. "ते गार असतं. नाहीतर ओठ नाही का भाजणार?"

कुणीतरी हसलं आणि मग हसू तिथंच थांबलं. मामाने हातातल्या नळीकडे पाहिलं, आधी एका टोकाकडे, मग दुसऱ्या.

"तोंडाचं टोक ज्याचं त्याचं वेगळं करा, सर्दी-पडसं, तोंड येणं, असल्या सतरा गोष्टी टळतील," नर्सबाई उठता उठता म्हणाल्या. "पण मला खरी काळजी या बंद खिडक्यांची वाटते."

त्या दुपारी भाची कोपऱ्यातल्या थंडावण्याच्या भट्टीला टेकून बसली. तयार वस्तू तिथं रात्रभर ठेवून हळूहळू गार करतात. त्या भिंतीला नेहमी ऊब असते. तिचा डोळा लागला. स्वप्नात ती आईच्या हिरव्या गोळ्याच्या आत होती. बाहेरचं सगळं हिरवं आणि संथ. काचेपलीकडे आई उभी होती, ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. भाचीने काच पुसली, तरी वाफ जाईना. मग तिच्या लक्षात आलं, की वाफ आतून आहे. शेजारी आजीबाई गाल फुगवून बसली होती, आणि कुणीतरी खोकत होतं. दर खोकल्याला वाफ दाट होत होती. बाहेरून आई काचेवर मुठी मारायला लागली.

ती दचकून जागी झाली. खोकला खराच होता. मामा आणि आजीबाई, नाकाला नाक.

"मामा, तपासून ये," ती म्हणाली.

"कशाला? भट्टीवाल्याला खोकला असायचाच. तुझ्या आजोबांना होता."

"आईलाही होता."

मामाने नळी भिंतीला टेकवून ठेवली. आईच्या खोकल्याचा विषय त्या घरात कुणी काढत नसे.

"तू तपासल्याशिवाय गोळा होणार नाही," भाची त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली. "आणि तोवर पोर कारखान्यात येणार नाही."

"माझ्या भट्टीसमोर माझ्या नातीला अडवणारी तू कोण?"

"तिची आई."

मग अबोला. मामा जेवायला घरात येईना. ताट काका नेऊन द्यायचे. नर्सबाईंनी थुंकी तपासायला दिलेला प्लास्टिकचा डबा त्याने एकदा हातात घेऊन फिरवून बघितला. "कड बघा ही," तो काकांना म्हणाला. "असल्या वस्तूत थुंकायचीसुद्धा लाज वाटेल." पालथ्या घड्यावर पाणी म्हणून भाचीने नाद सोडला. रात्री मात्र तिला झोप येत नव्हती. तिला मामाही हवा होता आणि मुलगीही धडधाकट हवी होती, आणि दोन्ही एकत्र मिळेल असं दिसत नव्हतं.

घर आणि कारखाना यांच्यामध्ये काचेचं एक दार होतं. एका सकाळी आजीबाई त्याला नाक लावून उभी होती. आत यायचं नाही म्हणून ती आली नव्हती, पण सराव बुडवणं तिला मंजूर नव्हतं. पोटातून फुंकर घालायची, काचेवर वाफेचा गोल उमटायचा, तो विरला की पुन्हा. दाराच्या पलीकडे मामा. त्या गोलाकडे तो बराच वेळ बघत राहिला. गोल मोठा व्हायचा, कडांकडून आत विरायचा. मग त्याने चपला घातल्या आणि न सांगता तो आरोग्य केंद्रात गेला.

टीबीच निघाला. भाची, आजीबाई, घरातले, कारखान्यातले, सगळ्यांचीच तपासणी झाली. बाकी कुणात काही सापडलं नाही. तरी लहान पोर म्हणून आजीबाईला खबरदारीच्या गोळ्या मिळाल्या. मामाला सहा महिन्यांचं औषध.

"पूर्ण बरं होतं हे," नर्सबाई म्हणाल्या, "फक्त एकही दिवस चुकवायचा नाही."

मामाने एकच प्रश्न विचारला. "हे मला लागलं कुठून?"

"ते नाही सांगता येत. कधी कधी फार जुनं असतं. तरुणपणी घरातल्या कुणाकडून आलेलं, छातीत वर्षानुवर्षं झोपून राहतं. वय झालं, अंगातली ताकद कमी झाली, की जागं होतं."

येताना मामा सावकाश चालत होता आणि मधूनच स्वतःशी हसत होता. भाचीला वाटलं, घाबरला असेल.

मामाची गादी पुढच्या खोलीत, उघड्या खिडकीपाशी गेली. आजीबाई अंगणातूनच त्याला सूचना द्यायची. कारखान्याच्याही खिडक्या भाचीने उघडल्या. गंजलेल्या कड्या, किती वर्षांची धूळ. पहिल्या दिवशी दोन बरण्या तडकल्या. मग काकांनी लाकडी आडोसे करून दिले, आणि काच टिकायला लागली. कारखान्यात पहिल्यांदाच बाहेरच्या झाडांचा आवाज यायला लागला. काम करता करता सगळे मधूनच थांबून तो ऐकायचे.

मामा मात्र सुधारेना. पहाटे भट्टी बघायला तेवढा जायचा, बाकी पडून. चेहरा उतरलेला, पण समाधानी.

एका सकाळी आजीबाईने स्वतःची गोळी गिळली आणि विचारलं, "आई, भट्टीला पण टीबी झालाय का?"

"का गं?"

"मामाआजोबा रोज तिला गोळ्या देतो ना. मी खिडकीतून बघते."

भाचीच्या हातातला कप तसाच राहिला.

मामा भट्टीसमोरच्या बाकावर बसला होता. ती आत गेली नाही. अंगणातून, उघड्या खिडकीपाशी उभी राहिली.

"का, मामा?"

"आम्ही दोघं एकाच नळीवर शिकलो," तो भट्टीच्या तोंडातल्या पिवळ्या उजेडाकडे बघत म्हणाला. "ताई फुंकायची, मग मी. गेली तेव्हा मला काही देऊन गेली नाही. द्यायला होतं काय तिच्याकडे? तुला गोळा राहिला. आणि आता नर्सबाई म्हणतात, ते इतकी वर्षं झोपून होतं." त्याने छातीवर हात ठेवला. "तिच्याकडून आलेलं काहीतरी इथं होतं, पोरी. माझ्याबरोबर जेवलं, झोपलं, म्हातारं झालं. मला माहीतच नव्हतं. आता कळलं, तर गोळ्या घालून त्याला मारू?"

भाचीला एक क्षणभर मामाचा हेवा वाटला, अगदी वेड्यासारखा. मग असा संताप आला, की तिला खिडकीची चौकट धरावी लागली.

"ते आई नाहीये," ती म्हणाली. "आईला ज्याने खाल्लं, ते आहे ते. आणि आईने तुला दिलं नाही ते. तिला माहीत असतं, तर तिने या सगळ्या खिडक्या उघडल्या असत्या. तुला लांब ढकललं असतं. तू रडला असतास, तरी ढकललं असतं. मी पोरीला तुझ्यापासून ढकलते आहे ना, तसं."

मामाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याने ते पुसलंही नाही.

"मग माझ्याकडे तिचं काय राहिलं?"

"गोळा घे," ती म्हणाली. "हिरवा. शेवटची गोळी पोटात गेली, की गोळा तुझा."

शब्द तोंडातून गेला आणि तिला तो परत घ्यावासा वाटला. पण सुटलेला बाण काय परत येतो? मामाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती काय देते आहे, हे तिच्या नवऱ्यापेक्षाही त्याला जास्त माहीत होतं. मग त्याने खिशातून पाकीट काढलं आणि पाण्याबरोबर त्या दिवसाच्या गोळ्या घेतल्या.

"कडू आहेत," तो म्हणाला.

"भट्टीने कधी तक्रार केली नाही."

नर्सबाईंनी मामाची जी हजेरी घेतली ती गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेली. औषध मध्येच सोडलं की रोग मुरतो, मग साध्या गोळ्यांना दाद देत नाही, हे त्यांनी त्याला तीनदा म्हणून दाखवायला लावलं. पुन्हा तपासणी झाली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आता भाची समोर उभी राहून गोळ्या घ्यायला लावायची. दिवस कसे गेले ते कळलं नाही. भिंतीवरचे रंगांचे डाग तेवढे हळूहळू दुसरीकडे उमटायला लागले, ऋतू पालटला म्हणून. मामाला भूक लागायला लागली. तो अंगणात उन्हात बसून कानशीने पितळ घासायचा, नळीच्या गार टोकावर चढवायच्या टोप्या, प्रत्येकाची वेगळी. काकांच्या टोपीला टक्कल असल्यासारखी चकाकी, आणि आजीबाईच्या टोपीवर बारीकसा चष्मा कोरलेला.

आजीबाईचा वाढदिवस मधेच येऊन गेला होता. तिने तो मानला नाही. नर्सबाईंनी वय विचारलं, तर म्हणाली, "चार. माझं काम अडलंय."

शेवटची तपासणी झाली, नर्सबाई हसल्या, आणि मामा खरोखर बरा झाला. भाचीने खिडकीतला हिरवा गोळा मऊ फडक्याने पुसला, दोन्ही हातांत धरला आणि त्याच्या खोलीत नेला. खरं सांगायचं, तर तिला वाटत होतं की मामा म्हणेल, असू दे पोरी, तुझाच तो. वाटेत तिने ते वाक्य मनात किती वेळा ऐकलं. मामाने गोळा घेतला. छातीशी धरला. तिला कळलं, की गोळा आता परत येणार नाही. ती बाहेर आली, मोरीत जाऊन पाणी सोडलं आणि पोटभर रडली.

दुपारी भट्टीसमोर सगळे जमले. खिडक्या उघड्या, आडोसे लावलेले. मामाने आपली टोपी चढवली, काच उचलली, नळी ओठांना लावली. कुणी श्वास घेईना. लिंबाएवढा फुगा अलगद उठला. मामाने आपली टोपी काढली, चष्म्याची बसवली, आणि नळी आजीबाईच्या ओठांशी धरली. गेल्या कित्येक महिन्यांत तो तिच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच बसला होता.

"पोटातून," तो म्हणाला.

फुगा वाढत गेला. संत्र्याएवढा झाला, तरी ती थांबेना. त्यात उघड्या खिडक्या दिसत होत्या, झाड दिसत होतं, सगळ्यांचे वाकडे, लांबट, हसरे चेहरे दिसत होते. "पुरे!" सगळे ओरडले. ती आणखी थोडं फुंकून मगच थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळा थंडावून बाहेर आला. आजीबाई तो पोटाशी धरून खिडकीपाशी गेली. रांगेत एकच जागा रिकामी होती. धुळीत तिथं गोल ठसा राहिला होता. "इथं?" तिने विचारलं.

भाची म्हणाली, "हो. इथंच."

आजीबाईने गोळा ठेवला, जरा सरळ केला. ऊन आत आलं, भिंतीवर एक नवा डाग उमटला, आणि पलीकडच्या खोलीतून मामाच्या घोरण्याचा आवाज येत होता, खोल, लांब, कुठेही न अडखळता.

"झाले मी पाच," आजीबाई म्हणाली, आणि हात धुवायला गेली.